कष्टाचे चीज होईलच असे न मानणाऱ्यांची उमेद कशावर टिकते?

पेठेतला वाचक

नमस्कार. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी ज्या अनेक अभ्यासिका आहेत, त्यांपैकी एकीत मी गेली काही वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशनासाठी बसतो. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झाले असले तरी संशोधन हा माझा व्यवसाय नाही. पुढील प्रश्न या मंचावरील जाणकारांना बाळबोध वाटल्यास क्षमा असावी.

आशेविषयी मानसशास्त्रात सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी कॅन्सस विद्यापीठातील सी. आर. स्नायडर यांची आहे. त्यांच्या मते आशा म्हणजे विचार करण्याची एक रीत, आणि तिला दोन अंगे असतात. ठरवलेल्या ध्येयाकडे जाण्याचे बळ आपल्यात आहे ही जाणीव हे पहिले अंग. तिथवर पोचण्याच्या वाटा, एक बंद झाली तर दुसरी, आपल्याला काढता येतील ही खात्री हे दुसरे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलीत १२ विधाने आहेत. चार पहिल्या अंगाची, चार दुसऱ्याची, आणि उरलेली चार गुणांत न धरली जाणारी, केवळ भरणाऱ्याला रोख कळू नये म्हणून घातलेली. तिचा मराठी अनुवाद करून मी ती अभ्यासिकेतील काही मुलांकडून भरून घेतली.

सोबत मी आणखी एक गोष्ट तोंडी विचारत गेलो: जग कसे चालते असे तुम्हांला वाटते? प्रामाणिक कष्टाचे चीज होते, की ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा त्याचेच खरे ठरते? माझी अपेक्षा सरळ होती. जगावर विश्वास असणाऱ्यांची आशा जास्त भरेल आणि ‘बळी तो कान पिळी’ म्हणणाऱ्यांची कमी. बऱ्याच जणांच्या बाबतीत तसे दिसलेही, पण दोघांपाशी मी अडलो.

पहिला मुलगा मराठवाड्यातील, वडील शेतमजूर. (ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील बदलले आहेत.) त्याच्या मते वशिल्याशिवाय पान हलत नाही, शाळेतल्या शिपायाच्या जागेपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळे आधीच ठरलेले असते. इतके कडवट बोलणारा हा मुलगा चौथ्या प्रयत्नाला बसला आहे, पहाटे अभ्यासिकेचे कुलूप निघण्याआधी दारात उभा असतो, आणि प्रश्नावलीत त्याचे गुण सर्वांत वरच्या काही जणांत आहेत. दुसरी मुलगी पश्चिम महाराष्ट्रातील, शिक्षक आईवडिलांची. ‘मनापासून कष्ट केले की फळ मिळतेच’ हे तिचे ठाम मत. पहिल्याच मुख्य परीक्षेत ती थोडक्यात राहिली आणि तेव्हापासून तिला पुस्तक उघडवत नाही. पहिल्याचे जग अन्यायी आणि उमेद शाबूत. दुसरीचे जग न्यायी आणि उमेद खचलेली.

समाज कसा चालतो याविषयीची माणसाची समजूत आणि त्याची आशा यांचा संबंध नेमका कसा असतो? तो सगळ्या संस्कृतींत सारखा असतो, की अमेरिकेत बेतलेला अंगरखा आपण उगाच इथल्या मुलांच्या अंगावर चढवून पाहतो आहोत?

तळटीप

आपला प्रश्न बाळबोध मुळीच नाही. ज्याला आपण ‘जग कसे चालते याची समजूत’ म्हणता, तिचा पद्धतशीर अभ्यास हाँगकाँगमधील क्वोक लेउंग आणि मायकेल हॅरिस बाँड यांनी केला आणि त्याची पहिली मोठी मांडणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी हाँगकाँग आणि व्हेनेझुएला येथे लोकांच्या मुलाखती घेतल्या, तिथल्या म्हणी आणि वृत्तपत्रे चाळली, त्यांतून जगरहाटीविषयीची विधाने वेचली आणि ती जपान, जर्मनी व अमेरिका येथेही तपासून पाहिली. पुढे हे काम सुमारे ४० देशांपर्यंत पोचले. सगळ्या विधानांचे पाच गट पडले: जगाविषयीची कटुता, म्हणजे बलवान माणसे दुर्बळांना लुबाडतात आणि चांगुलपणाचा फायदा घेतला जातो ही समजूत, कष्टाच्या फळावरचा विश्वास, एकाच प्रश्नाला अनेक उत्तरे असू शकतात आणि माणसे प्रसंगानुसार वेगळी वागतात ही जाणीव, दैवावरचा विश्वास, आणि धर्मश्रद्धा माणसाला व समाजाला सावरते ही धारणा. या समजुती ‘मी’विषयी नसून जगाविषयी असतात, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘मी करू शकतो’ हे आत्मविश्वासाचे वाक्य झाले. ‘करणाऱ्याला मिळते’ हे जगाविषयीचे वाक्य आहे, आणि पहिले नसतानाही माणूस दुसरे मनापासून मानू शकतो.

आता आपल्या पेचाकडे येतो. कटुता आणि कष्टाच्या फळावरचा विश्वास ही एकाच दांडीची दोन टोके आहेत असे आपण गृहीत धरले, आणि मला वाटते अडचण तिथेच आहे. लेउंग-बाँड यांच्या मांडणीत ती दोन निरनिराळी परिमाणे आहेत. जग लबाड आहे असे मानणारा माणूस त्याच वेळी कष्टाशिवाय तरणोपाय नाही असेही मानू शकतो. किंबहुना गरिबाच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच दमात शिकवल्या जातात. ‘आपल्याला कोणी विचारणार नाही, म्हणून तूच शिक’ हे वाक्य आपणही कुणाच्या तरी आईच्या तोंडून ऐकले असेल.

दैवाच्या बाबतीत तर आणखी मोठी गंमत आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये जी विभागणी रूढ केली, तिच्यात आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती असे मानणारे एका टोकाला आणि दैवाच्या किंवा इतरांच्या हाती मानणारे दुसऱ्या टोकाला, अशी समजूत होती. लेउंग-बाँड यांनी व्यक्तींऐवजी देशांची सरासरी घेऊन ४१ समूहांची तुलना केली, तेव्हा मात्र पाच परिमाणे आटून दोनच उरली. एक कटुतेचे. दुसऱ्यात कष्टाच्या फळावरचा विश्वास, दैवावरचा विश्वास आणि धर्मश्रद्धा एकत्र आले! म्हणजे ज्या समाजांत लोक दैव जास्त मानतात, त्याच समाजांत कष्टांनाही जास्त मानतात, आणि हे समाज बहुतेक करून तुलनेने गरीब आहेत. पाश्चात्त्य वाचकाला हे कोडे वाटले असेल. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला त्यात विशेष काही वाटू नये. त्या दोन शब्दांत कष्ट आणि वरचा हात शेजारी शेजारी बसवलेले आहेत आणि आजवर कोणाला त्यांचे भांडण दिसलेले नाही.

अंगरख्याच्या प्रश्नावर फिलिपिन्समधील मानसशास्त्रज्ञ अॅलन बर्नार्डो यांनी २०१० मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडेल. स्नायडर यांच्या प्रश्नावलीत ध्येय माझे, बळ माझे आणि वाटाही मीच काढायच्या. बर्नार्डो यांनी विचारले की आशेचे ठिकाण माणसाच्या बाहेर का असू नये? ‘माझ्या घरचे मला मार्ग काढून देतील’, ‘मित्र सोबत आहेत’, ‘देव वाट दाखवील’ या आशांना त्यांनी कमी दर्जाचे न मानता आशेच्या वेगळ्या जागा मानले आणि त्या स्वतंत्रपणे मोजल्या. आपण मुलांना फक्त आतल्या आशेविषयी विचारले आहे. मराठवाड्यातल्या मुलाच्या मागे गावाकडे कोण उभे आहे, आणि त्या मुलीच्या मागे उभे असलेले आईवडील तिला आधार वाटतात की परीक्षक, हेही विचारून पाहावे.

त्या मुलीविषयी एकच सांगतो. जग न्यायी आहे या श्रद्धेचा अभ्यास करणारे मेल्विन लर्नर यांनी दाखवले की ही श्रद्धा टिकवण्यासाठी माणसे संकटात सापडलेल्यालाच दोष देतात. सापडलेला माणूस आपण स्वतः असलो, तर तो दोष कोणाच्या माथी बसतो हे वेगळे सांगायला नको.

गोमतीकाठी

मी लखनौला स्थायिक झालेला मराठी माणूस. शिक्षणक्षेत्रात काम करतो, म्हणून इथल्याच एका प्रयोगाची आठवण करून देतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तो उत्तर प्रदेशातील खेड्यांत केला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष जागतिक बँकेकडून प्रसिद्ध झाले. सहावी-सातवीच्या वयाची मुले होती: ३२१ उच्च मानल्या जाणाऱ्या जातींची आणि ३२१ दलित जातींची. काम साधे होते. कागदावरच्या भुलभुलैयातून पेन्सिलीने वाट काढायची, आणि जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळायचे.

कोणाची जात कोणती हे उघड केलेले नसताना दोन्ही गटांची कामगिरी सारखी होती. मग काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे आणि आजोबांचे नाव व जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली. कोडी तीच, पैसे तेच, मुले त्याच वयाची. दलित मुलांची कामगिरी घसरली आणि दोन गटांत ठळक अंतर पडले.

इथवरची हकिगत अनेकांना ठाऊक असते आणि तिचा अर्थ ‘मुलांचा आत्मविश्वास खचला’ असा लावून लोक पुढे जातात. प्रयोगाचा जो भाग मला अधिक बोलका वाटतो, तो पुढे आहे. एका प्रकारात बक्षीस कोणाला मिळणार हे केवळ चिठ्ठीवर, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोपवले गेले. जात इथेही वाचून दाखवलेली होती. तरीही जातींमधले अंतर नाहीसे झाले. आत्मविश्वासच खचला असता तर चिठ्ठीने तो परत आणला नसता. संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा की जात उघड झाल्यावर त्या मुलांना आपल्या कष्टाचे माप नीट पदरात पडेल असे वाटत नव्हते. माप घालणाऱ्या हाताविषयी ती शंका होती. निवाड्यात माणसाऐवजी चिठ्ठी आली आणि शंका सरली.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलाकडे मी याच नजरेने पाहीन. त्याचा अविश्वास जगाच्या एका विशिष्ट भागावर आहे: जिथे ओळख पाहून निवाडा होतो, तिथे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, गाव नसते. मग त्याची कटुता आणि त्याची उमेद यांत विरोध राहत नाही. गावातल्या प्रत्येक दारात ओळख विचारली जाते, म्हणूनच जे एक दार ओळख विचारत नाही, त्यापाशी तो पहाटे जाऊन उभा राहतो. मुंबईत म्हाडाच्या घरांच्या सोडतीसाठी जागांच्या कितीतरी पट अर्ज येतात. नशिबावर हवाला ठेवणारी भोळी माणसे म्हणून त्या अर्जदारांकडे पाहणे मला पटत नाही. सोडतीत नशीब चालते याचा एक अर्थ तिथे दुसरे काही चालत नाही असाही होतो.

एवढ्यावरून मला असे वाटू लागले आहे की आशेची प्रश्नावली भरून घेताना ‘तुमच्यात बळ आहे का’ यापेक्षा ‘निवाडा कोण करणार आहे’ हे आधी विचारावे.

पूर्वेचा पत्ता

गोमतीकाठी यांचा मुद्दा मान्य करूनही एक वेगळे उदाहरण मांडतो, कारण निवाडा कितीही निःपक्षपाती असला तरी आशा नसू शकते, हे मी राहतो त्या जपानमध्ये दिसते. इथल्या परीक्षा काटेकोर, कार्यालयांत वशिला क्वचित, आणि ‘गाम्बारु’, म्हणजे नेट लावून झटणे, हा तर येथील बालवाडीपासूनचा मंत्र. तरीही १९९०च्या दशकातील मंदीनंतर देशात आशाच उरली नाही ही भावना इतकी पसरली की टोकियो विद्यापीठाच्या समाजविज्ञान संस्थेत २००५ मध्ये ‘किबोगाकु’, म्हणजे आशेचे शास्त्र, या नावाने संशोधनच सुरू झाले. त्याचे एक प्रमुख, श्रम-अर्थशास्त्रज्ञ युजी गेंदा यांनी आरंभी आशेची व्याख्या केली ती अशी: कृतीने काहीतरी प्रत्यक्षात यावे ही इच्छा. पुढे तिच्यात त्यांनी ‘इतरांसोबतच्या’ हे शब्द घातले. त्या भरीमागे बरेच काही आहे.

या मंडळींनी इवाते प्रांतातील कामाइशी हे पोलादाचे गाव अभ्यासासाठी निवडले. एके काळी नव्वद हजारांवर वस्ती, पोलाद कारखान्याच्या रग्बी संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षे देशाचे अजिंक्यपद मिळवलेले, आणि मग १९८९ मध्ये शेवटची झोतभट्टी बंद. अभ्यासक पोचले तेव्हा वस्ती निम्म्याहून कमी झाली होती. तिथे आणि देशभरच्या पाहण्यांतही त्यांना असे दिसले की ज्यांचा मित्रपरिवार मोठा, ज्यांच्याकडून घरच्यांनी काही अपेक्षा ठेवली होती, त्यांना आशा असल्याचे प्रमाण अधिक. कष्टाला फळ आहे हे सर्वांनाच शिकवलेले होते. फरक पडला तो सोबतीने. गेंदा तर घट्ट नात्यांपेक्षा सैल ओळखींना जास्त महत्त्व देतात. रोज भेटणारी माणसे आपल्याला ठाऊक असलेल्याच वाटा सांगतात, आणि दूरचा परिचित अकल्पित वाट दाखवतो.

मार्च २०११ च्या त्सुनामीत कामाइशीचा मोठा भाग वाहून गेला. उनोसुमाई भागातील दोन शाळा जिथे होत्या, तिथे नंतर मैदान उभारले गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे रग्बी विश्वचषकाचा सामना झाला. फिजी आणि उरुग्वे यांचा. दुसरा ठरलेला सामना चक्रीवादळाने रद्द करावा लागला, तेव्हा कॅनडाचे खेळाडू गावातला चिखल उपसायला रस्त्यावर उतरले. परक्या गावच्या माणसांची ही सैल ओळख तिथले लोक विसरलेले नाहीत.

धागाकर्त्यांना उपयोगी पडेल असा आणखी एक निष्कर्ष सांगतो. शाळकरी वयात जे होण्याची आशा होती ती पुढे बदलणाऱ्यांना, अजिबात आशा न ठेवलेल्यांपेक्षा आणि तीच धरून बसलेल्यांपेक्षाही, मनाजोगते काम मिळाल्याचे अधिक आढळले. आशा मोडली आणि तिची दुसरी केली, या व्यवहारातच माणूस काही शिकत असावा.

बांधावरून

मी महिला बचत गटांसोबत काम करते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे नावच ‘उमेद’ आहे, त्यामुळे हा शब्द आमच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येतो, आणि म्हणून एक शंका विचारते: आपण अनुवादात कोणता शब्द वापरलात, आशा की उमेद? आमच्या बायका ‘आशा’ म्हणतात ती दुसऱ्याकडून करायची असते. पावसाची आशा, भावाच्या पत्राची आशा. ‘आशा वेडी असते’ हे त्या हसून म्हणतात. उमेद मात्र अंगात असते किंवा नसते, ती धरायची असते, खचते आणि पुन्हा बांधता येते. स्नायडरसाहेब जिचे वर्णन करतात ती मला उमेद वाटते. बर्नार्डोंची घरची आणि देवाची, ती आशा. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आयते आहेत, आणि उमेद फारसीतून आलेली असली तरी ‘उमेदवार’ आणि ‘उमेदवारी करणे’ इतके पक्के घरचे झाले आहेत की आता तिला परकी कोण म्हणेल? जुन्या काळी कचेरीत बिनपगारी काम शिकत जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्याला उमेदवार म्हणत. अभ्यासिकेतली मुले आजही तेच करत आहेत, फरक इतकाच की काम शिकण्याऐवजी सामान्य ज्ञान पाठ करतात.

समजूत बदलल्याने उमेद बदलते याचा मी पाहिलेला सर्वांत भक्कम पुरावा पश्चिम बंगालचा आहे. १९९३ पासून तिथे ग्रामपंचायतींच्या प्रधानपदांपैकी एक तृतीयांश पदे महिलांसाठी राखीव झाली आणि कोणते गाव राखीव हे चिठ्ठीसारख्याच पद्धतीने ठरत गेले, त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची चोख तुलना करता आली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९५ गावांतील ११ ते १५ वयाच्या ८,४५३ मुलामुलींना व त्यांच्या आईवडिलांना विचारून २०१२ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यानुसार जिथे सलग दोन वेळा महिला प्रधान होती, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांतले अंतर आईवडिलांच्या मनात घटले आणि खुद्द मुलामुलींच्या मनात ३२ टक्क्यांनी घटले. शिक्षणातले अंतर मिटले, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला. त्या काळात तरुण मुलींसाठी नोकऱ्या वाढल्याचे मात्र आढळले नाही. गावाच्या खुर्चीवर कोण बसू शकते याविषयीची समजूत तेवढी बदलली होती. एका वेळेने काम भागले नाही, दोन वेळा लागल्या, हे आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लिहून ठेवण्यासारखे आहे.

शंकासुर

चर्चा उत्तम चालली आहे; माझ्या नावाला जागून काही खोडी काढतो.

तळटीप यांनी देशांच्या सरासरीवरून जे सांगितले, ते व्यक्तींना लावता येत नाही. गरीब देशांत दैव आणि कष्ट दोन्हींवर विश्वास अधिक, यावरून त्या देशातला दैव मानणारा प्रत्येक माणूस कष्टाळू असतो असे निघत नाही. त्यांनी तसे म्हटलेले नाही हे खरे, पण वाचणारा तसेच वाचतो, म्हणून लिहिले.

दुसरे म्हणजे, ‘फेट’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत किती शब्द आहेत? दैव, नशीब, प्रारब्ध, संचित, विधिलिखित, योग. यांतले प्रारब्ध आणि संचित हे आपल्याच पूर्वकर्मांचे खाते, आणि त्यांच्या जोडीला क्रियमाण आहेच, म्हणजे जे आज आपण करतो आहोत ते. ‘माझ्या प्रारब्धात नव्हते’ म्हणणारी आजी दैववादी ठरवायची की कष्टाच्या फळावर इतका विश्वास असलेली, की ते फळ एका जन्मात मावत नाही? प्रश्नावलीतल्या एका चौकटीत ती बसत नाही. ‘दैव देते आणि कर्म नेते’ म्हणणाऱ्याला तर दोन्ही बाजूंनी गुण द्यावे लागतील.

तिसरे, गोमतीकाठी यांचा प्रयोग मलाही आवडतो. पण ओळख उघड करून कामगिरीवर होणारा परिणाम मोजणाऱ्या प्रयोगांपैकी बरेच पुढे पुन्हा करून पाहताना टिकलेले नाहीत. यातल्या चिठ्ठीच्या भागामुळे तो इतरांपेक्षा वजनदार होतो हे मान्य करतो. तरी एका राज्यातल्या शाळकरी मुलांवरून साऱ्या मानवजातीच्या आशेचे सूत्र काढण्याची घाई नको.

आणि शेवटची खोडी धागाकर्त्यांसाठी. प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे चांगले, हे आपण कुठे तपासले? शेकड्यांत जागा आणि लाखांत अर्ज असताना चौथ्या प्रयत्नातल्या मुलाची अभंग उमेद त्याला कुठे नेते आहे? एक जुने सुभाषित आशेला अशी अजब बेडी म्हणते, की जिने बांधलेले धावत सुटतात आणि जिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे जागीच बसतात. आपल्या अभ्यासिकेत धावणारा एक आहे आणि बसलेली एक. आपण फक्त बसलेलीची काळजी करत आहात. पूर्वेचा पत्ता यांनी सांगितलेला बदललेल्या आशेचा निष्कर्ष धावणाऱ्यालाही लागू होतो, आणि त्याच्या साऱ्या वाटा एकाच दाराशी जात असतील तर स्नायडर यांच्या हिशेबात ती ‘अनेक वाटा काढण्याची क्षमता’ कशी मोजायची, हे मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

पेठेतला वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बांधावरून ताईंचा अंदाज बरोबर आहे. मी सर्वत्र ‘आशा’ हाच शब्द वापरला होता. आता दोन स्वतंत्र भाग करतो आहे, एक उमेदीचा आणि एक आशेचा, आणि दुसऱ्यात घरचे, मित्र आणि देव यांच्याविषयी वेगवेगळी विधाने घालतो आहे. ‘दैव’ हा शब्द काढून टाकला, कारण शंकासुर यांच्या आजीला कोणत्या चौकटीत बसवायचे ते मलाही सुचले नाही.

ती मुलगी गेल्या आठवड्यात आली होती. तळटीप यांनी सुचवलेला प्रश्न विचारला. आईवडील काहीच बोलत नाहीत, म्हणाली. पूर्वी रोज फोनवर अभ्यास किती झाला ते विचारायचे, आता फक्त जेवलीस का एवढेच विचारतात, आणि तेच तिला निकालासारखे वाटते. यावर काम करता येईल असे वाटते. आईवडिलांना एकदा पुण्यास बोलावले आहे.

मुलाशी मात्र जे बोलणे झाले ते इथे नोंदवणे भाग आहे. गोमतीकाठी यांचा तर्क मी त्याला सांगितला नव्हता, नुसते विचारले, “सगळीकडे वशिला चालतो म्हणतोस, मग इथे कशाच्या भरवशावर बसला आहेस?” तो पटकन म्हणाला, “पेपरवर नाव नसतं ना सर.” मला आनंद झाला, कारण उत्तर तर्काशी तंतोतंत जुळले. मग त्यानेच पुढे म्हटले, “पण मुलाखतीत असतं की.”

तेव्हा लक्षात आले की चार वर्षांत अभ्यासिकेत जितक्या अभिरूप मुलाखती झाल्या, त्यांपैकी एकीलाही तो आलेला नाही. मागच्या प्रयत्नात मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखतीच्या तयारीच्या वेळी तो गावी निघून गेला होता, आणि आम्ही सर्वांनी त्याला घरची ओढ समजून सोडून दिले होते. त्याच्या उमेदीचे गुण मी लेखी परीक्षेपुरते मोजले होते. येत्या गुरुवारी त्याच्यासाठी अभिरूप मुलाखत ठेवली आहे. समोर बसणाऱ्या तिघांना त्याचे नाव-गाव आधी सांगावे की न सांगता बसवावे, यावर माझा निर्णय होत नाही. त्याने तो माझ्यावर सोडला आहे. आपणांपैकी कोणी असे काही करून पाहिले असल्यास बुधवारपर्यंत कळवावे.